बंद घराचा आकडा

१

आमच्या घरात संध्याकाळी साडेसहाला चहा होतो आणि चहाबरोबर जाहिराती. हा खेळ ताईने काढला. प्रत्येकाने आपला फोन उघडायचा, समोर येईल ती पहिली जाहिरात मोठ्याने वाचायची, आणि ती त्या माणसाला किती लागू पडते याचे बाकीच्यांनी दहापैकी मार्क द्यायचे. बाबांना कलप आला की दहा. आईला गुडघ्याचा पट्टा आला की दहा आणि वर एक टोमणा. ताई दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, दिवसभर लोकांच्या तोंडात नळी धरून उभी असते. तिला तीन वर्षं एकच जाहिरात येते, 'तुमच्या मनातला जोडीदार'. तिला ती स्वतःच दोन मार्क देते. म्हणते, फोटोतल्याचे दात बघा.

मला कायम शून्य. मला कधी ट्रॅक्टरचं टायर येतं, कधी तान्ह्या बाळाची दुधाची बाटली, एकदा तर कवळी आली होती. कारण मी फोनला काही सांगतच नाही. मी कुठे आहे ते कळवणं बंद, माइक बंद, कॅमेऱ्यावर रेग्झिनचा तुकडा चिकटवलेला, आणि जन्मतारीख अशी टाकलेली की त्या हिशोबाने मी ब्याण्णव वर्षांचा आहे. 'परवानगी द्या' आलं की 'नाही'. पुन्हा आलं की पुन्हा 'नाही'. मला काही विकायचं असेल तर आधी मला ओळखून दाखवा, हा माझा बाणा.

बाबा माझ्या बरोब्बर उलटे. एकतीस वर्षं त्यांनी पाण्याचे मीटर वाचले. दारोदार जाऊन लोकांच्या घरातले आकडे वहीत टिपले. रिटायर झाल्यावर टिपायला परकी घरं उरली नाहीत, म्हणून ते स्वतःचं घर टिपून देत सुटले. जो फॉर्म येईल तो भरायचा. 'पाच मिनिटं द्या, बक्षीस जिंका' म्हटलं की हे पन्नास मिनिटं देणार. 'मी सहमत आहे' वर त्यांचं बोट इतक्या जोरात पडतं की बिचारी चौकट अजून पूर्ण उगवलेलीही नसते. फुकट ते पौष्टिक. घरात नऊ मग आहेत, तीन छत्र्या आहेत आणि पावलं मोजणारा एक पट्टा आहे, जो बाबा झोपताना बांधतात. वर म्हणायचं, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?

होतं ना. मी होतो.

दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडून मला अडीच वर्षं झाली. मी सोफे शिवतो. हे आम्हा चौघांना माहीत होतं. बाहेर मात्र माझं शिक्षण धडाक्यात चालू होतं. आईने बहिणीला, म्हणजे माझ्या मावशीला, फोनवर मला तिसऱ्या वर्षात घातलं, मग पास केलं, मग चांगल्या ऑफिसात चिकटवूनही दिलं. मी खिळे ठोकत होतो आणि माझी बढती होत होती.

तर त्या संध्याकाळी बाबांनी वाचलं, 'तुमच्या मुलासाठी. ऑफिसचे काळे बूट, नंबर नऊ. साठ टक्के सूट.'

माझा पाय सातचा. सगळे खो खो हसले आणि ताईने शून्य दिलं. तोवर सगळं ठीक होतं.

२

दुसऱ्या दिवशी तेच बूट. तिसऱ्या दिवशी बूट आणि लॅपटॉपची बॅग. चौथ्या दिवशी आईच्या फोनवर डाव्या हाताने वापरायची कात्री.

ताईला राहवेना. बाबांनी सवलतीच्या नादात आम्हा सगळ्यांचं मिळून एक कुटुंब-खातं उघडलेलं आहे. त्यात खोल कुठेतरी, कोणी जाऊच नये अशा ठिकाणी, 'तुमच्या जाहिराती कशावरून ठरतात' असं एक पान असतं. ताईने ते शोधून काढलं. दाढेमागचं कीड लागलेलं भोक शोधायची तिला सवयच आहे.

पानावर लिहिलं होतं, घरातले सदस्य पाच.

पहिले बाबा, दुसरी आई, तिसरी ताई, सगळं वयासकट आणि अपमान वाटेल इतकं अचूक. चौथा 'पुरुष, माहिती अपुरी'. हा मी. आणि पाचवा पुरुष, वय बावीस ते पंचवीस, पदवीधर, ऑफिसात नोकरी, बुटाचा नंबर नऊ, डावखुरा.

मी बाबांकडे पाहिलं. बाबांनी चहात पाहिलं. मग कबूल केलं. प्रत्येक फॉर्ममध्ये 'अपत्यांचं शिक्षण' असा रकाना असतो. तिथे काय लिहिणार? दोन पर्याय असतात, पदवीधर आणि इतर. 'इतर' वर बोट जाईना, म्हणाले. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या पाण्याचे थेंब मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या पोरापुढे 'इतर' लिहायला बोट उचलेना. मी त्यांना तसं म्हणालो, आणि आणखीही बरंच म्हणालो, ते इथे लिहीत नाही.

ते शांतपणे ऐकत होते. त्यांना राग येत नाही, त्यांना धंद्यातल्या गोष्टी आठवतात.

"बंद घरासारखं झालं हे," ते म्हणाले. "मीटर वाचायला जावं आणि दाराला कुलूप. अशा वेळी रकाना कोरा सोडायचा नसतो. कोरी ओळ वरच्या ऑफिसात चालतच नाही. मग शेजारच्यांचे आकडे बघायचे, मागचे बघायचे, आणि अंदाजाने एक आकडा टाकायचा. तू दार बंद ठेवलंस. त्यांनी आमच्याकडे बघून तुझा आकडा टाकला."

"मग दोन का? मी वेगळा आणि तो वेगळा?"

"ते मात्र चुकलं त्यांचं," बाबा म्हणाले. "एका घराला एकच मीटर."

ताईने विचारलं की डावखुरा कोणी लिहिलं. बाबांनी नाही, आईने नाही. आमच्या घरात, काकांकडे, मावशीकडे, सात पिढ्यांत कोणी डावखुरं नाही. नऊ नंबरही कुणी लिहिला नव्हता. पदवी आणि नोकरी आमच्या थापांमधून गेली हे समजत होतं. पण हा डावा हात कुठून आला?

बाबांनी तोवर बूट मागवले होते. साठ टक्के म्हणजे साठ टक्के.

३

मी ज्या कारखान्यात काम करतो तो म्हणजे एक लांबट खोली. पुढे फोमच्या थप्प्या, मध्ये दोन शिलाई मशीनं, मागे लाकडाचे सांगाडे. सगळीकडे चिकटवायच्या सोल्यूशनचा वास. त्या सोल्यूशनने माझ्या बोटांवरच्या रेषा गेल्यात, त्यामुळे फोन माझा अंगठा कधी ओळखतो, कधी नाही. कारखान्याचे मालक मिस्त्री, त्यांची मुलगी जाहिरातीसाठी कामाचे व्हिडिओ काढते. ती फोन घेऊन आली की मी पाठ फिरवतो. तिच्याकडे माझ्या पाठीचा भरपूर साठा आहे.

मिस्त्रींना शाळाच ठाऊक नाही, त्यामुळे ते मला कधी कॉलेज सोडल्याबद्दल बोलत नाहीत. पण जुना सोफा दुरुस्तीला आला की ते आधी मला पुढे करतात. वाच, म्हणतात. कापड उसवायच्या आधी फोमवर तळहात फिरवायचा आणि सांगायचं, कोण बसतं. डावीकडे खोल खड्डा म्हणजे घरातला जाडा माणूस, टीव्ही उजवीकडे. मधोमध दोन लहान खळगे म्हणजे उड्या मारणारी पोरं. आणि खड्डा अगदी पुढच्या कडेला, पाठीचा फोम मात्र कोरा, म्हणजे तिथे बसणारा टेकत नाही. एक तर तो पाहुणा आहे, नाही तर त्या घरातली सून. माणूस उठून जातो पण बूड ठेवून जातो, असं मिस्त्री म्हणतात. हे त्यांचं सगळं तत्त्वज्ञान, आणि कॉलेजच्या दोन वर्षांत मी जे ऐकलं त्यापेक्षा ते जास्त उपयोगी आहे.

आमच्या घरातला तीन जणांचा सोफा मीच सहा महिन्यांपूर्वी नवा भरला. हट्टाने सलग एकच फोम घातला. मिस्त्रींनी बजावलं होतं की असं करू नको, एक बसला की शेजारचा बोटभर वर उचलला जातो. आमच्यात चालतं, मी म्हणालो.

त्या सोफ्यावर भिंतीकडे आई बसते, मध्ये मी. बाबांची वेगळी खुर्ची आहे, ताई खाली चटईवर पसरते. खिडकीकडच्या टोकाला कोणी बसत नाही, कारण साडेसहाला तिथे ऊन थेट डोळ्यांत येतं. तिथे घड्या घालायचे कपडेही ठेवत नाही, रंग उडतो.

रविवारी सकाळी मी खाली पडलेला रिमोट काढायला वाकलो आणि आधारासाठी हात त्या टोकाला टेकला. हात आत गेला.

मी गुडघ्यांवर बसलो आणि तळहात फिरवला. सवयीने, मिस्त्रींनी शिकवलं तसा. पुढच्या कडेला खड्डा होता. दोन्ही बाजूंना सारखा, म्हणजे ताठ बसणारा. पाय जुळवून. पाठीचा फोम कोरा. वजन साधारण माझ्याइतकं, थोडं जास्त. आणि डाव्या हाताच्या टेकूवर रेग्झिन चकचकीत झालं होतं, रोज एकाच जागी मनगट घासून होतं तसं.

मुलाखतीला आल्यासारखा बसलाय, असं माझ्या मनात आलं, आणि मग मी मनात काय आणलं ते माझ्या लक्षात आलं.

मी मूर्ख नाही. फोम स्वस्तातला होता. ऊन लागून बसला असेल. ऊन रोज एकाच जागी पडतं, झीजही तिथेच होणार. पण उन्हाला बूड नसतं, एवढं मला अडीच वर्षांच्या अनुभवाने सांगता येतं.

४

त्यानंतरचे दिवस घरात खरं तर फार मजेचे गेले. मी ते नाकारत नाही.

बूट आले. बाबांनी घालून पाहिले, त्यांना मोठे. मला तर होडीसारखे. बाबांनी आत कागदाचे बोळे तसेच ठेवून ते चपलांच्या मांडणीवर सजवले. आई येता-जाता त्यांच्यावरून फडकं फिरवायची. पाचव्यावर आमचे विनोद सुरू झाले. घरात काही मिळेनासं झालं की त्याने नेलं. नळ कोणी चालू ठेवला? त्याने. ताई म्हणायची, तुझ्यापेक्षा बरा आहे, उलटून बोलत नाही. बाबांना त्याच्यामुळे सवलतींचा पाऊस पडू लागला, पदवीधरांसाठी स्वस्त विमा, स्वस्त शर्ट, स्वस्त सगळं. आईचा चेहरा खुलला होता. मावशीशी बोलताना तिचा आवाज आता अडखळत नव्हता. खोटं बोलणाऱ्याला समोरून पुरावा मिळाला की कसं होतं, तसं.

मला येणाऱ्या जाहिराती त्याच आठवड्यात थांबल्या. ट्रॅक्टर गेला, कवळी गेली. त्या जागी नुसती करडी चौकट. माझी पाळी आली की मी फोन वर धरून दाखवायचो आणि सगळे पुढे जायचे. मला आनंद व्हायला हवा होता. हेच तर मागत होतो, मला सोडा म्हणून. सोडलं. आणि खरं सांगतो, मला त्या टायरची आठवण यायला लागली.

ताईने पुन्हा ते पान उघडलं. घरातले सदस्य चार. बाबा हसून म्हणाले, बघा, चूक सुधारली त्यांनी, एका घराला एकच मीटर. मी ताईच्या हातातून फोन घेतला. चौथ्या ओळीवर लिहिलं होतं, पुरुष, पदवीधर, नंबर नऊ, डावखुरा.

'माहिती अपुरी' गेलेला होता.

त्याच वेळी आई चहाचा ट्रे घेऊन आली. ट्रेमध्ये चार कप. तिने बाबांना दिला, ताईला दिला, स्वतःचा उचलला. चौथा ट्रेमध्ये राहिला. मी हात पुढे केला तर कपाचा कान माझ्या उलट बाजूला होता, डाव्या हाताने उचलायला सोयीचा. आई बारीक बघते या गोष्टी, चाळीस वर्षं चहा देतेय. कान नेहमी घेणाऱ्याच्या हाताकडे.

तिने ट्रे माझ्या पुढून नेला आणि खिडकीकडच्या टोकाशी, टेकूजवळ ठेवला. मग वळली, माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसू आलं.

"अगं बाई, तुझा राहिलाच की रे," ती म्हणाली, आणि माझा आणायला आत गेली.

ताई हसली, बाबाही हसले. मीसुद्धा हसलो, कारण सगळे हसत असले की आपण वेगळं काय करणार. पण मी उठून मांडणीशी गेलो आणि ते बूट उचलून पाहिले. आतले कागदाचे बोळे कोणी तरी काढून, उलगडून, चार घड्या घालून खोक्यात ठेवले होते. आमच्या घरात कागदाची घडी घालायची शिस्त कोणालाच नाही. डाव्या टाचेचं रबर किंचित घासलं होतं.

५

पुढच्या रविवारी मी भांडण काढलं. भांडण काढण्यात मी पदवीधर आहे.

मी म्हणालो, हे आता बंद. सगळ्यांनी खरं सांगायचं. बाबांनी सगळे फॉर्म दुरुस्त करायचे आणि आईने मावशीला फोन करायचा, आत्ता, माझ्यासमोर.

बाबांनी चष्मा पुसला. म्हणाले, एवढं कशाला, त्यापेक्षा तूच तुझं दार उघड. माझा फोन घे, एक फॉर्म आहे, नाव, वय, शिक्षण, काम. एक मिनिटाचं काम आहे. खरं रीडिंग मिळालं की अंदाजाचा आकडा आपोआप बाद होतो.

त्यांचं बरोबर होतं आणि म्हणूनच मला जास्त चीड आली. मी म्हणालो, "यंत्राला मी खरं सांगायचं आणि माणसांना तुम्ही खोटं सांगत राहणार? तुम्हाला मी नकोय. तुम्हाला तो पाहिजे."

बाबा माझ्याकडे पाहत नव्हते. तेव्हा मला कळलं की हे मी रागाच्या भरात बोललो असलो तरी मला याचं उत्तर खरोखर हवंय. मी उभा होतो. बाकीचे तिघं बसले होते. तिघांना जागा होती, आणि खिडकीकडच्या टोकाला बसणाऱ्यालाही.

आई उठून माझ्यासमोर आली. तिची उंची माझ्या खांद्यापर्यंत आहे.

"तू कधी काही सांगतोस का मला?" ती म्हणाली. "दिवसभर कुठे असतोस, काय करतोस, जेवलास का, हाताला ही जखम कसली. विचारलं की 'बरं चाललंय'. मग दार बंद. माझी बहीण दर रविवारी विचारते, पोरगा कसा आहे. मी काय सांगू? मलाही कोरं सोडता येत नाही रे. मी अंदाजाने सांगत गेले."

मला बरंच बोलायचं होतं. तयार करून आलो होतो. ते सगळं बाजूला ठेवलं. शेवटी मी तिला हात दाखवले आणि म्हणालो, ही स्टेपल गनची, हे सोल्यूशन, आणि हे कातडं सुईने जातं. दुपारी डबा खातो, मिस्त्रींच्या शेजारी बसून. गेल्या महिन्यात एक खुर्ची मी एकट्याने पूर्ण भरली, गिऱ्हाइकाने बसून डोळे मिटले.

तिने ते हात उलटेपालटे करून पाहिले. मग फोन घेतला आणि मावशीला लावला. स्पीकरवर टाकला. माझ्याकडे बघत बोलली, एका दमात. त्याने कॉलेज सोडलं, अडीच वर्षं झाली, ऑफिस वगैरे काही नाही, सोफे शिवतो आणि चांगले शिवतो.

मग मावशी हसायला लागली. तिला केव्हाचं माहीत होतं म्हणे. तिला रोज त्या कारखान्याची जाहिरात येते आणि त्यात मागे हा पाठमोरा उभा असतो. लहानपणी शंभर वेळा ती पाठ मी घासलीय, ती म्हणाली, मला ओळखू येणार नाही? तुझं मन मोडायला नको म्हणून गप्प बसले.

आईने कपाळावर हात मारला. बाबा तोंड लपवून हसत होते, ताई चटईवर आडवी झाली होती. अडीच वर्षं आम्ही ज्या थापेचं ओझं वाहिलं ती एका फुकटच्या जाहिरातीने पहिल्याच महिन्यात फोडली होती. खरंच सांगतो, त्या क्षणी मला त्या सगळ्या हेरगिरीवर जीव जडला.

"पण एक सांग," मावशी म्हणाली. "मग मंगळवारी फोन उचलला तो कोण? दुपारी. 'आई बाजारात गेलीय,' म्हणाला. 'तुमचे पाय कसे आहेत आता?' म्हणाला. इतका नम्र. मी म्हटलं, पोरगं सुधारलं. पण मला 'तुम्ही' म्हणाला गं. आपल्यात मावशीला कोण 'तुम्ही' म्हणतं?"

मंगळवारी दुपारी घरात कोणी नव्हतं. आई बाजारात गेली होती आणि जाताना फोन चार्जिंगला लावून गेली होती, खिडकीशी.

६

पण वाईट काही झालं नाही. उलट दुसऱ्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं.

बाबांनी एकेक फॉर्म काढून 'इतर' वर बोट ठेवलं. काही फॉर्ममध्ये पुढे काय ते लिहायला जागा असते, तिथे त्यांनी 'कारागीर' लिहिलं. मला दाखवलं नाही, मी खांद्यावरून पाहिलं. मीही थोडं सैल सोडलं. जन्मतारीख खरी टाकली. तेवढीच.

साडेसहाला माझी पाळी आली. फोनने पहिल्या झटक्यात अंगठा ओळखला. करडी चौकट उजळली आणि वर आलं, 'हाताला सतत जखमा होतात? चिकटपट्टी, वीसचं पाकीट.' मला आयुष्यात पहिल्यांदा दहा मिळाले. टाळ्या वाजल्या. मी आहे याची अशी पावती मला कोणत्याही परीक्षेत मिळाली नव्हती.

ताईने ते पान उघडलं. सदस्य पाच.

मी चौथा. पुरुष, माहिती पुरेशी. आणि खाली पाचवा, जसाच्या तसा.

मी बाबांना विचारलं, आता तर खरं रीडिंग मिळालं, मग अंदाजाचा आकडा बाद का होत नाही? बाबांनी चष्मा वर सरकवला. मग म्हणाले, फार दिवस चालू राहिला असेल तर वहीतून खोडता येत नाही. तो पुढे ओढत न्यावा लागतो.

आई ट्रे घेऊन आली. मी कप मोजले नाहीत. मोजायची गरज नव्हती, ट्रे ती दोन्ही हातांनी, जड असल्यासारखा धरून येत होती. माझा कप मला पहिला दिला, कान उजवीकडे. शेवटचा तिने खिडकीजवळच्या टेकूपाशी ठेवला आणि माझ्या नजरेला नजर न देता हळूच म्हणाली, "राहू दे ना. त्याच्यामुळे आपलं काय जातंय."

मी मान डोलावली. मी तिला आधीच एकदा कोरं सोडलं होतं.

बाबांनी फोन उघडला. त्यांना पाच जणांच्या सोफ्याची जाहिरात आली होती, घरपोच, चाळीस टक्के सूट. ताई म्हणाली दहा. मी वाट पाहत होतो की आता यांचं बोट पडणार. पण बाबांनी फोन बाजूला ठेवला आणि नेहमीच्या आवाजात, फोनला, भिंतींना, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाहेरून कशाला घ्यायचा? घरात कारागीर आहे."

मला इतकं बरं वाटलं की मी लगेच हिशेब सुरू केला, लाकूड किती, फोम किती, या वेळी सलग घालायचा नाही. तेवढ्यात माझी बैठक बोटभर वर उचलली गेली आणि खिडकीकडे किंचित कलली.

सावकाश. बसताना काही सांडू नये म्हणून जपून बसावं तसं. मी तळहात फोमवर सपाट ठेवला. पुढची कडा दबली नव्हती. दाब मागे गेला होता, पार मागे, आणि पाठीचा फोम हवा सोडत हळूहळू आत जात होता. टेकून बसणारा माणूस पाहुणा नसतो, एवढं मिस्त्रींनी मला शिकवलंय.

ऊन डोळ्यांत होतं, मला नीट दिसलं नाही. कपाच्या वाफेपलीकडे काळ्या बुटाचं एक टोक दिसलं, नीट पुसलेलं. आईने पुसलेलं.

पुढची पाळी कोणाची, ताईने विचारलं. सगळे हसऱ्या चेहऱ्याने माझ्या डावीकडे बघत होते.

मी सरकलो.